थोरॅसिक स्पाइनचं फ्रॅक्चर कोड करायचंय? एन्कोडर उघडायच्या आधी चार्टमध्ये हे शोधा

मेडिकल कोडिंगमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना ट्रॉमाचा चार्ट दिला की एक गोष्ट हमखास होते. "टी१२ कम्प्रेशन फ्रॅक्चर" (पाठीचा, म्हणजे थोरॅसिक भागाचा, बारावा मणका दबून मोडलाय) एवढी ओळ दिसली की लगेच एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) उघडतात, फ्रॅक्चर, व्हर्टिब्रा, थोरॅसिक असं क्लिक क्लिक करत जातात आणि एस२२.०८०ए टाकून पुढचा चार्ट. टार्गेट डोक्यावर असतं, मान्य आहे. पण तो कोड बरोबर आहे की चूक हे त्या एका ओळीवरून कळतच नाही, कारण त्या ओळीत ना हाड का मोडलं ते आहे, ना कॉर्डला (कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला) काही झालंय का ते आहे, ना पेशंट उपचाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते.

हे सगळं पुण्यात, नवी मुंबईत नाहीतर नागपुरात बसून अमेरिकेतले चार्ट कोड करणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे आयसीडी-१०-सीएम, निदानांच्या कोडची अमेरिकन यादी. तिकडे हे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि दरवर्षी १ ऑक्टोबरला नवीन कोड सेट लागू होतो. हे मुद्दाम सांगतोय कारण गुगल केलं की बऱ्याचदा डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० समोर येतं. दिसायला सेम, पण आतून वेगळं आहे. डब्ल्यूएचओच्या यादीत एस२२.१ म्हणजे थोरॅसिक स्पाइनची अनेक फ्रॅक्चर्स असा सरळ एक कोड आहे, सीएममध्ये तो कोडच नाही, तिथे प्रत्येक मणक्याचा हिशोब वेगळा द्यावा लागतो. आणि बीपीटी, बीएचएमएस, नर्सिंग करून आलेल्यांसाठी अजून एक, आपल्याकडचे डॉक्टर डी१२ लिहितात, डी म्हणजे डॉर्सल, अमेरिकन चार्टमध्ये तोच मणका टी१२ असतो. घाबरू नका.

अॅनाटॉमी लागते तेवढीच सांगतो. थोरॅसिक मणके १२, प्रत्येकाला बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे हा भाग मानेपेक्षा आणि कमरेपेक्षा बराच ताठ. वर बरगड्यांचा ताठ पिंजरा आणि खाली मोकळी हलणारी कंबर, या दोन्हीच्या सांध्यावर टी११, टी१२, एल१ येतात, उंचावरून पडलं की सगळा ताण तिथेच येतो म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त चार्ट याच मणक्यांचे दिसतील. मधल्या थोरॅसिक भागात कॅनाल (कॉर्ड जाते ती पोकळ जागा) अरुंद असतो, तिथे मणका सरकला तर कॉर्ड वाचणं कठीण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पायनल कॉर्ड कण्याच्या टोकापर्यंत जात नाही, मोठ्या माणसात ती साधारण एल१-एल२ पाशीच संपते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिला प्रश्न, हाड कशामुळे मोडलं? म्हणजे मार लागून की आजारामुळे. माझ्या मते अर्धी गडबड इथेच होते. समजा ७८ वर्षांच्या बाई, ऑस्टिओपोरोसिस आधीपासून लिहिलेला, खुर्चीत जरा धपकन बसल्या आणि पाठीत कळ आली, एक्सरेमध्ये टी८ वेज कम्प्रेशन (मणका पाचरीसारखा दबलेला). "वेज कम्प्रेशन" हा शब्द एस२२ मध्ये अगदी तसाच्या तसा छापलेला आहे म्हणून हात तिकडेच जातो. पण गाइडलाइन स्पष्ट सांगते की ऑस्टिओपोरोसिस माहीत असलेल्या पेशंटचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं, आणि तेवढ्याने धडधाकट माणसाचं हाड मोडलं नसतं, तर ट्रॉमाचा कोड नाही, एम८० द्यायचा. वयामुळे आलेला ऑस्टिओपोरोसिस असेल तर एम८०.०८एक्सए. इथे पॉइंटनंतरच्या ० पुढचा ८ म्हणजे मणका, मग तो थोरॅसिक असो की लंबर, त्यामुळे टी८ आणि एल१ दोन्ही मोडले असले तरी हा कोड एकदाच, एका एन्काउंटरला (व्हिजिट किंवा अॅडमिशनला) तोच कोड दोनदा लिहीत नाहीत. हीच बाई दोन वर्षांनी गुडघ्यासाठी आली आणि मणका भरून आलाय तर एम८१.० आणि सोबत झेड८७.३१०, म्हणजे पूर्वी झालेल्या अशा फ्रॅक्चरची हिस्टरी, एम८० नाही.

आणि "किरकोळ" कशाला म्हणायचं हे तुम्ही ठरवायचं नाही हां. तीच बाई जिन्यावरून बारा पायऱ्या गडगडत आली असेल आणि डॉक्टरांनी पडणं आणि ऑस्टिओपोरोसिस या दोन्ही गोष्टी नुसत्या शेजारी शेजारी लिहून ठेवल्या असतील तर क्वेरी टाका, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवा.

कॅन्सर हाडात पसरून मणका ढासळला तर एम८४.५८ आणि सोबत कॅन्सरचा कोड, हाडातल्या मेटास्टॅसिसचा सी७९.५१. पहिला कोण हे उपचार कशावर चाललाय त्यावर ठरतं. टीबी असेल तर ए१८.०१, स्पाइनचा टीबी. आपल्याकडे डॉर्सल मणका कोलॅप्स म्हटलं की डॉक्टरांच्या मनात टीबी लगेच येतो, अमेरिकन चार्टमध्ये जास्त करून ऑस्टिओपोरोसिस आणि कॅन्सर दिसतील, त्यामुळे इथल्या सवयीने काही गृहीत धरू नका. कारणच लिहिलेलं नाही, मारही नाही, नुसतं "कम्प्रेशन फ्रॅक्चर टी७" असेल तर इंडेक्स (कोडबुकातली शब्दसूची) तुम्हाला कोलॅप्स्ड व्हर्टिब्राकडे पाठवतो, एम४८.५४. एस२२ कडे नाही! हे खूप जणांना माहीतच नसतं.

रेडिओलॉजिस्टचं एक आवडतं वाक्य आहे, "एज इंडिटर्मिनेट कम्प्रेशन डिफॉर्मिटी". खोकल्यासाठी छातीचा सीटी काढला आणि जाता जाता टी७ चपटा दिसला. हे ताजं फ्रॅक्चर आहे असं कुणीच म्हटलेलं नाही, जुनं असू शकतं, म्हणून यावर ए (उपचार चालू असल्याचं सातवं अक्षर, पुढे सांगतो) लावून ट्रॉमाचा कोड टाकणं म्हणजे पेशंटच्या नावावर न झालेला अपघात चढवणं. ट्रीट करणाऱ्या डॉक्टरने ताजं की जुनं ते लिहायला हवं.

मार लागूनच मोडलंय हे नक्की झालं की मग एस२२.०. त्याची रचना एकदा समजली की पाठ करायला लागत नाही. पॉइंटनंतरच्या ० पुढचा पाचवा आकडा म्हणजे मणका. टी१ ला १, टी२ ला २, टी३ ला ३, टी४ ला ४, इथपर्यंत एकाला एक. तिथून पुढे जोड्या, टी५-टी६ ला ५, टी७-टी८ ला ६, टी९-टी१० ला ७, टी११-टी१२ ला ८. कुठला मणका ते लिहिलंच नाही तर ०. सहावा आकडा फ्रॅक्चरचा प्रकार, ० वेज कम्प्रेशन, १ स्टेबल बर्स्ट (मणका फुटला पण कणा स्थिर), २ अनस्टेबल बर्स्ट (फुटला आणि कणा अस्थिर), ८ इतर, ९ अनस्पेसिफाइड. नुसती ट्रान्सव्हर्स प्रोसेस किंवा स्पायनस प्रोसेस तुटली असेल तरी ती एस२२.० मध्येच बसते आणि प्रकार ८ येतो.

जोड्यांमुळे एक गंमत होते. टी५ आणि टी६ दोन्ही वेज असतील तर दोन मणके पण कोड एकच, एस२२.०५०ए, एकदाच. टी६ आणि टी७ असतील तर मात्र दोन कोड. टी१२ आणि एल१ असतील तर टी१२ इथे एस२२.०८० आणि एल१ लंबरच्या घरात, एस३२.०१०. टी५ बर्स्ट आणि टी६ वेज असेल तर जोडी तीच पण प्रकार वेगळा म्हणून दोन कोड.

बर्स्टच्या बाबतीत सीटीमध्ये रेट्रोपल्शन (हाडाचा तुकडा मागे कॅनालकडे सरकणं) लिहिलंय, कॅनाल पन्नास टक्के दाबलाय असं लिहिलंय, म्हणून तुम्ही मनाने अनस्टेबल ठरवू नका, फिजिओ असलात तरी, कोडर म्हणून तो आपला अधिकार नाही. डॉक्टरांनी फ्रॅक्चरचं निदान केलंय आणि रिपोर्टमधून फक्त कुठला मणका ते कळतंय, तर तेवढं रिपोर्टमधून घेता येतं. निदान रिपोर्टमधून उचलून आणणं वेगळं.

आता कॉर्ड. एस२४. इथे नवीन लोक सरळ हाडाची लेव्हल कॉपी करतात. कोडबुकातच लिहिलंय की एस२४.० आणि एस२४.१ मधली लेव्हल ही कॉर्डची, हाडाची नाही. मघाशी म्हटलं ना कॉर्ड एल१-एल२ पाशी संपते, म्हणजे टी१२ हाडाच्या आत जी कॉर्ड आहे ती टी१२ ची नसतेच बऱ्याचदा, तिथे कमरेचे आणि त्याखालचे सेगमेंट दाटीने बसलेले असतात. त्यामुळे हाड टी१२ चं मोडलं आणि न्यूरोसर्जनने न्यूरॉलॉजिकल लेव्हल (कॉर्डचं काम जिथपर्यंत शाबूत आहे ती पातळी) एल१ लिहिली तर हाडाचा कोड एस२२.०८ मध्येच राहील पण कॉर्डचा कोड एस३४.१ मध्ये जाईल, आणि कोनस मेड्युलॅरिस (कॉर्डचं खालचं टोक) लिहिलं तर एस३४.१३ मध्ये. ऑडिटमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवतो.

एस२४.१ मध्ये लेव्हलचे गट आहेत, १ म्हणजे टी१, २ म्हणजे टी२ ते टी६, ३ म्हणजे टी७ ते टी१०, ४ म्हणजे टी११-टी१२, ९ म्हणजे माहीत नाही. हे हाडाच्या जोड्यांशी अजिबात जुळत नाहीत, दोन्ही तक्ते डेस्कवर वेगवेगळे चिकटवा. त्याच्या आधीचा आकडा इजेचा प्रकार, ० अनस्पेसिफाइड, १ कम्प्लीट (इजेखाली काहीच काम शिल्लक नाही), ३ अँटिरिअर कॉर्ड सिंड्रोम (कॉर्डच्या पुढच्या भागाची इजा), ४ ब्राउन-सेकार्ड (कॉर्डच्या एका बाजूची इजा), ५ इतर इनकम्प्लीट. मधला २ गायब आहे कारण मानेच्या कोडमध्ये तो सेंट्रल कॉर्ड सिंड्रोमचा, आणि तो प्रकार मानेचाच. दोन लेव्हलला इजा असेल तर सगळ्यात वरची लेव्हल कोड करायची. नुसता कन्कशन किंवा सूज असेल तर एस२४.०एक्सएक्स. नर्व्ह रूट असेल तर एस२४.२एक्सएक्स.

आता एक पूर्ण चार्ट घेऊ, समजा असा. ३४ वर्षांचा माणूस, एका बंगल्याचं गटर दुरुस्त करायचं काम करत होता, शिडीवरून पडला. ईआर (इमर्जन्सी रूम) नोटमध्ये पाठीला मधोमध टेंडरनेस, पाठीवर खरचटलेलं आणि काळंनिळं, पायात ताकद कमी. सीटीमध्ये टी१२ बर्स्ट, तुकडा कॅनालमध्ये, डावीकडच्या दहाव्या अकराव्या बरगड्या तुटलेल्या. न्यूरोसर्जरीची नोट: अनस्टेबल टी१२ बर्स्ट फ्रॅक्चर, इनकम्प्लीट कॉर्ड इंज्युरी, न्यूरॉलॉजिकल लेव्हल टी१२, एशिया सी (कॉर्डच्या इजेची श्रेणी). दुसऱ्या दिवशी मागून रॉड-स्क्रू टाकून फ्यूजन.

पहिला कोड कॉर्डचा, एस२४.१५४ए. हे आपल्या मर्जीने नाही, एस२२ खाली सूचनाच आहे की सोबत कॉर्ड किंवा छातीतल्या अवयवाची इजा असेल तर ती आधी लिहा. मग एस२२.०८२ए. मग बरगड्या, एस२२.४२एक्सए, एकापेक्षा जास्त, डावीकडे. खरचटणं आणि काळंनिळं? सोडून द्यायचं. त्याच जागेची मोठी इजा कोड केलीय तर वरवरची इजा कोड करत नाहीत. मग बाहेरचं कारण, डब्ल्यू११.एक्सएक्सएक्सए, शिडीवरून पडणे. सोबत वाय९२ मधून जागा, वाय९३.एच९ म्हणजे बांधकाम-दुरुस्तीसारखी अॅक्टिव्हिटी, आणि वाय९९.० कारण पगारी काम होतं. वाय९२, वाय९३, वाय९९ हे फक्त सुरुवातीच्या एन्काउंटरला एकदाच, पुढच्या प्रत्येक व्हिजिटला ओढत न्यायचे नाहीत.

समजा याच माणसाच्या एशिया स्कोअरवर नुसतं "सी" आहे आणि कुणीही इनकम्प्लीट असं शब्दात लिहिलेलं नाही. आपल्याला माहितीये की ए म्हणजे कम्प्लीट आणि बी, सी, डी म्हणजे इनकम्प्लीट. तरी मी क्वेरी टाकायला सांगतो. दोन मिनिटांचं काम आहे.

सातवं अक्षर. याच्यावरून तर भांडणं होतात. ए म्हणजे इनिशियल, आणि लोक समजतात पहिली व्हिजिट. तसं नाहीये. अॅक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे तोपर्यंत ए. ईआरमध्ये ए, सर्जरीच्या अॅडमिशनला ए, ईआरमधून ब्रेस लावून घरी पाठवलेला पेशंट चार दिवसांनी ऑर्थोकडे पहिल्यांदा गेला आणि तिथे तपासणी होऊन उपचार ठरतोय तर तिथेही ए, डॉक्टर नवीन असो की जुना. पेशंट महिनाभर घरीच तेल चोळत बसला आणि मग आला तरी ए, उशिरा आला म्हणून डी होत नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी एक्सरे काढून ब्रेस चेक केला, रिहॅब सुरू आहे, हाड नीट भरतंय, तिथे डी. जी म्हणजे भरायला उशीर, के म्हणजे भरलंच नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नाही. आफ्टरकेअरचे झेड कोड इंज्युरीला लावत नाहीत, तेच काम डी करतो.

बी म्हणजे ओपन फ्रॅक्चर. मणक्यात हे कमी दिसतं, गोळी लागलेल्या केसमध्ये वगैरे. ओपन की क्लोज्ड लिहिलं नाही तर क्लोज्ड धरायचं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बी फक्त फ्रॅक्चरच्या कोडला आहे, एस२४ ला ए, डी, एस एवढेच पर्याय, त्यामुळे गोळीच्या केसमध्ये कॉर्डला ए आणि हाडाला बी असं एकाच पेशंटला दिसेल. ते चुकलेलं नसतं. सोबत छातीच्या जखमेचा एस२१ सुद्धा बघा.

एस म्हणजे सिक्वेला, जुन्या इजेचा मागे राहिलेला त्रास. तोच शिडीवाला माणूस तीन वर्षांनी व्हीलचेअरसाठी आला, इनकम्प्लीट पॅराप्लेजिया (दोन्ही पायांचा अर्धवट लकवा), तर आता जो त्रास आहे तो पहिला, जी८२.२२, आणि मग तो कशामुळे, एस२४.१५४एस. फ्रॅक्चरमुळे पाठीला कुबड आलं म्हणून आला असेल तर एम४०.१४ आणि मागे फ्रॅक्चरचा कोड एस लावून. सिक्वेलाला कालमर्यादा नाही, वीस वर्षांनीही येतो.

उरलेले पटकन. लिगामेंट ताणलं तर एस२३.३एक्सएक्सए, पाठीचा स्नायू ताणला तर एस२९.०१२ए, डॉक्टर दोन्हीला सरसकट "बॅक स्ट्रेन" म्हणतात म्हणून नोट वाचा. गादी मार लागून फाटली तर एस२३.०एक्सएक्सए, पण झीज होऊन सरकलेली गादी एम५१.२४, एमआरआयमध्ये गादी दिसली म्हणून ती अपघाताचीच असं होत नाही. मणका सरकला तर एस२३.१, इथे दोन मणक्यांच्या मधल्या सांध्याचा कोड असतो, टी१२-एल१ चा सांधाही थोरॅसिकमध्येच धरलाय, एस२३.१७. मात्र फ्रॅक्चर-डिसलोकेशन लिहिलं असेल तर इंडेक्स म्हणतो फ्रॅक्चरकडे बघा, दोन कोड नाहीत. नुसती पाठदुखी, काही सापडलंच नाही, तर एम५४.६. आणि "रूल आउट टी१० फ्रॅक्चर", "प्रॉबेबल फ्रॅक्चर" हे ओपीडी-ईआरच्या चार्टमध्ये कोड करायचंच नाही, लक्षण कोड करा. इनपेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी तसं लिहिलं असेल तर आहे असं धरून कोड होतं, तो नियम फक्त इनपेशंट फॅसिलिटीचा.

क्वेरी टाका क्वेरी टाका म्हणतोय तर ती कशी लिहायची तेही सांगतो, कारण "प्लीज कन्फर्म अनस्टेबल बर्स्ट" अशी क्वेरी गेली की ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) क्वेरी होते आणि ऑडिटमध्ये तुमच्यावरच येते. आधी चार्टमध्ये जे आहे ते जसंच्या तसं तारखेसह: अमुक तारखेच्या सीटीमध्ये टी१२ बर्स्ट, तुकडा कॅनालमध्ये, एचअँडपीमध्ये (हिस्टरी आणि तपासणीच्या नोटमध्ये) "टी१२ बर्स्ट फ्रॅक्चर" एवढंच, सर्जरी झालेली. मग प्रश्न: या फ्रॅक्चरचा प्रकार अधिक स्पष्ट करता येईल का? आणि खाली पर्याय, स्टेबल बर्स्ट, अनस्टेबल बर्स्ट, इतर काही असल्यास लिहावे, सांगता येत नाही. कुठल्या पर्यायाने डीआरजी (हॉस्पिटलला किती पैसे मिळतील ते ठरवणारा गट) बदलेल, पैसे किती वाढतील याचा एक शब्द नाही. उत्तर नाही आलं तर जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच कोड करा आणि क्वेरी टाकल्याची नोंद तुमच्या क्लायंटच्या प्रोसेसप्रमाणे ठेवा, पुढच्या महिन्यात ऑडिटर तो चार्ट उघडेल तेव्हा तीच दाखवायची.